शस्त्रं खाली ठेवली, की शांतता आली?

 

आज जरा जड शब्दाबद्दल बोलायचं ठरवलं आहे. शब्द आहे निःशस्त्रीकरण. म्हणजे शस्त्रं कमी करणं, खाली ठेवणं, शेवटी त्यांची गरजच उरू नये अशी व्यवस्था करणं. २४ मे हा दिवस जगात बऱ्याच ठिकाणी शांतता आणि निःशस्त्रीकरणासाठीचा आंतरराष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो. १९८० च्या दशकात युरोपातल्या बायांनी तो सुरू केला. आपल्याकडे ८ मार्च सगळ्यांना ठाऊक आहे. पण २४ मे म्हणजे तेंदूपानाचा हंगाम, लग्नसराई आणि पाण्याच्या गुंड्या. त्यात हा दिवस कुणाच्या ध्यानात राहणार?

पण एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. बंदुका, बाँब, क्षेपणास्त्रं या पुरुषांच्या आणि सरकारांच्या गोष्टी. मग हा दिवस बायांचा का? बायांच्या हक्कांचा आणि शस्त्रांचा संबंध काय? आम्हाला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायांना जितकं नीट सांगता येईल, तितकं फार थोड्यांना येईल. कारण हे सगळं आपल्या दारात घडून गेलं आहे आणि घडतं आहे.

शस्त्र म्हणजे फक्त बंदूक नाही

आपल्या भागापासून सुरुवात करू. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्याआधीच्या रझाकारांच्या दिवसांत पहिली काळजी कशाची होती? घरातल्या पोरीबाळींना कुठं लपवायचं याची. धान्य गेलं तर पुन्हा पिकतं, ढोर गेलं तर पुन्हा घेता येतं. पण हातात शस्त्र असलेला माणूस गावात शिरला की भीती सगळ्यात आधी बाईच्या अंगाशी येते. ही गोष्ट आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

पुढे तर दारूगोळाही आपल्याच जिल्ह्यात तयार होऊ लागला. भद्रावतीला चांद्याची आयुध निर्माणी आहे. तिथल्या नोकरीवर किती तरी घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्यामुळे शस्त्रं वाईट, कारखाने बंद करा, असं एका वाक्यात बोलून मोकळं होता येत नाही. देशाला संरक्षण लागतं आणि घराला पगार लागतो. निःशस्त्रीकरणाची भाषा करणाऱ्या जाणत्या बायांनीही हे कधी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. ज्याच्या हातात शस्त्र आहे, त्याला जाब विचारणारं कुणी आहे का? आणि शस्त्राच्या जोरावर जे ठरवलं जातं, त्यात बाईला विचारलं जातं का?

हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. आता पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच आहे.

देसाईगंजची मुलगी

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं. एक आदिवासी मुलगी, मजुरी करणारी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. घरच्या एका तक्रारीवरून तिला रात्री पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि ठाण्यातच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला, अशी फिर्याद झाली. तिचं नाव देशभर गाजलं, कायद्याच्या पुस्तकांत आहे. आम्ही ते घेणार नाही. का घेणार नाही, तेही पुढे येईल.

खटला चालला. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं आणि उलट मुलीच्याच वागणुकीवर शेरे मारले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघांना दोषी ठरवलं. त्या न्यायालयानं फार मोलाची गोष्ट सांगितली: धाकाखाली निमूट राहणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा दोघांना निर्दोष सोडलं. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिनं विरोध केला नाही.

मैत्रिणींनो, क्षणभर तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्र. ठाण्याचं दार बंद. समोर वर्दी. चौदा-पंधरा वर्षांची मजूर पोर. ती ओरडणार कुणाला? लोक मदतीला ज्याला हाक मारतात, तोच तर समोर उभा. ओरडली नाही म्हणून ती राजी होती, असं म्हणणारा माणूस शस्त्राच्या आणि वर्दीच्या धाकाला मोजतच नाही.

१९७९ च्या सप्टेंबर महिन्यात कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावं. त्यांनी विचारलं ते थोडक्यात असं: शरण जाणं म्हणजे संमती का? गरीब, अल्पवयीन, आदिवासी मुलगी ठाण्यात किती असहाय असते, याचा विचार न्यायालयानं करायचा नाही का? हे पत्र हातोहात पसरलं. १९८० च्या ८ मार्चला मुंबई, दिल्ली, पुणे, नागपूर अशा शहरांतून बाया रस्त्यावर आल्या. बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. आज आपण जिला स्त्री चळवळ म्हणतो, तिचा एक मोठा उगम आपल्या वडशाच्या त्या ठाण्यात आहे.

त्यातून १९८३ साली कायदा बदलला. पोलीस, तुरुंग कर्मचारी, सरकारी नोकर, रुग्णालयाचा कर्मचारी अशा कुणाच्या ताब्यात बाई असताना तिच्यावर अत्याचार झाला आणि संबंध झाल्याचं सिद्ध झालं, तर माझी संमती नव्हती हे तिचं म्हणणं न्यायालय खरं धरून चालतं. मग संमती होती हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्यावर पुराव्याचं ओझं. खटला बंद दाराआड चालवायचा, हे तेव्हाच आलं. पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा, हेही तेव्हाच आलं. म्हणून आम्ही तिचं नाव घेत नाही. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यांतही या तरतुदी कायम आहेत.

त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही. तिच्या वाट्याला न्याय आला नाही. तिच्यामुळे तो पुढच्या बायांच्या वाट्याला आला. वडशाचा रस्ता कधी धराल तेव्हा हे आठवा.

आणि व्यवहारातल्या दोन गोष्टी गाठीला बांधा. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. ती राहते तिथे येऊन विचारावं लागतं. आणि सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादाची वेळ असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. हेही निःशस्त्रीकरणच आहे. इथे बंदूक कुणी काढून घेतली नाही, पण बंदुकीच्या धाकाला कायद्यानं कुंपण घातलं.

जंगलातली बंदूक

१९८० च्या सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षल्यांची दलं आपल्या जंगलात आली. त्यानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत काय झालं, ते सांगायला आकडे कमी पडतील. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड भागात कसनासूरजवळ झालेल्या चकमकीत चाळीसच्या आसपास नक्षली मारले गेले, त्यांत तरुण मुलीही होत्या. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. पोलिसांतली बरीच पोरंही याच मातीतली, शेतकऱ्या-मजुरांची. एका बाजूला पोलिसाची विधवा, दुसऱ्या बाजूला दलममध्ये गेलेल्या पोरीची आई, आणि मध्ये खबऱ्या ठरवून रात्रीतून उचलून नेलेल्या माणसाची बायको. तिघींची बोली एक, रडणं एक. फक्त कुणासाठी सलामी वाजली आणि कुणासाठी नाही, एवढाच फरक.

गावातल्या बाईला दोन्हीकडून प्रश्न. रात्री आले त्यांना जेवण का दिलं, हे सकाळी एक विचारतो. सकाळी आले त्यांच्याशी काय बोललीस, हे रात्री दुसरा विचारतो. जेवण रांधणारी तीच, उत्तर देणारीही तीच. पण लढाई सुरू करताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

आता चित्र बदलतं आहे. २००५ पासून राज्यात आत्मसमर्पणाची योजना आहे. १ जानेवारी २०२५ ला गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर ताराक्कासह ११ जणांनी शस्त्रं खाली ठेवली. ताराक्का ही अहेरी तालुक्यातली बाई, १९८० च्या दशकात दलममध्ये गेलेली. त्या अकरा जणांत बायाच जास्त होत्या. १५ ऑक्टोबर २०२५ ला तर भूपती या नावानं ओळखला जाणारा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केलं. इकडे कित्येक गावांनी नक्षल्यांना गावबंदीचे ठराव केले आणि शिकारीसाठी पिढ्यान् पिढ्या घरात असलेल्या भरमार बंदुका लोकांनी पोलिसांकडे आणून दिल्या. हा शब्दशः निःशस्त्रीकरणाचा काळ आहे आणि तो आपल्या डोळ्यांसमोर चालला आहे.

याचा आनंद आहेच. पण शीर्षकातला प्रश्न इथेच येतो. शस्त्रं खाली ठेवली, पुढे काय?

जगभरात जिथे जिथे अशी लढाई थांबली, तिथे तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली, शस्त्र खाली ठेवणं. दुसरी, दल मोडणं, वर्दी उतरवणं. तिसरी, माणसानं पुन्हा समाजात मिसळणं. पहिल्या पायरीचा फोटो निघतो. तिसरी पायरी वर्षानुवर्षं चालते, तिचा फोटो निघत नाही, आणि तिथेच बाया मागे पडतात. परत आलेल्या पुरुषाला गाव कधी तरी स्वीकारतं. परत आलेल्या बाईबद्दल मात्र कुजबुज होते: जंगलात कुणाबरोबर होती, काय करत होती. तिला घर, शिधापत्रिका, आधार कार्ड, जातीचा दाखला, काम आणि दवाखाना हे सगळं लागतं. दलममध्ये लग्नाआधी पुरुषांना नसबंदी करायला लावत, हे परत आलेल्यांनीच वेळोवेळी सांगितलं आहे. म्हणजे मूल हवं की नको हे ठरवायचा अधिकारही बंदुकीनं काढून घेतला होता. ती शस्त्रक्रिया उलटवून घेऊन काही जोडप्यांनी पुढे संसार मांडले. आम्हाला विचाराल तर एका घरात पाळणा हलतो, तेव्हा निःशस्त्रीकरणाची तिसरी पायरी पुरी होते.

या विषयावर जगानं एक नियमही केला आहे. ३१ ऑक्टोबर २००० ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १३२५ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. त्यात म्हटलं आहे की शांततेच्या वाटाघाटींत आणि निर्णयांत बायांचा सहभाग वाढवा, लढाईत बायांवर होणाऱ्या अत्याचारांना माफी नको, आणि शस्त्रं खाली ठेवणाऱ्यांचं पुनर्वसन आखताना बायांच्या आणि पुरुषांच्या गरजा वेगळ्या असतात हे ध्यानात घ्या, त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचाही विचार करा. न्यूयॉर्कमध्ये लिहिलेला हा कागद वाचताना आम्हाला तर भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या बायाच दिसतात.

आणि बायांना वाटाघाटीत बसवल्यानं काही होतं का, असं कुणी विचारलं तर लायबेरियाचं उदाहरण द्या. आफ्रिकेतला हा छोटा देश चौदा वर्षं यादवीनं होरपळला. २००३ साली लेमा बोवी आणि तिच्या मैत्रिणींनी ख्रिस्ती आणि मुसलमान बायांना एकत्र आणलं. पांढरे कपडे घालून त्या रोज रस्त्याकडेच्या मैदानात बसायच्या, उन्हात आणि पावसात. शेवटी वाटाघाटी चालल्या होत्या त्या शहरात जाऊन त्यांनी सभागृहाचं दारच अडवलं: करार होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. करार झाला. लेमा बोवीला २०११ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्या बायांच्या हातात काय होतं? एकही शस्त्र नव्हतं. फक्त उठून न जाण्याचा निश्चय होता.

बाटलीही शस्त्रच

उठून न जाण्याचा निश्चय आपल्या बायांनीही दाखवला आहे. आपल्या बहुतेक घरांत बंदूक नसते. पण हात उगारला जातो, काठी उचलली जाते, आणि त्याच्या मागे बऱ्याचदा बाटली असते. म्हणून आमच्या लेखी दारूविरोधी लढाई ही घरातल्या निःशस्त्रीकरणाची लढाई आहे.

गडचिरोलीत १९८७ पासून लोकांनी दारूमुक्तीचं आंदोलन चालवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा त्यात मोठा वाटा होता आणि गावागावच्या बायांचा त्याहून मोठा. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेनं पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकारानं हाच प्रश्न उचलला. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. कडाक्याच्या थंडीत, लेकरं कडेवर घेऊन. तरी बंदी यायला आणखी चार वर्षं लागली. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली.

बंदी असताना चोरटी दारू येत होती, आपल्या राजुऱ्याला तर तेलंगणाची सीमा लागूनच. महसूल बुडाला, गुन्हे वाढले, असं सरकार म्हणालं. बायांचं म्हणणं असं, की अंमलबजावणी ढिली होती, तर ती घट्ट करायची. बंदीच का काढायची? दोन्ही बाजूंची माणसं आपल्या ऐकणाऱ्यांत आहेत. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. ज्या निर्णयासाठी बाया शंभर किलोमीटरच्या वर चालल्या, तो फिरवायच्या आधी त्यांच्या गावांत जाऊन त्यांना विचारायला हवं होतं.

जिल्ह्याची बंदी गेली तरी गावाचा हक्क गेलेला नाही. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला ठरलेल्या प्रमाणात मतं मिळाली की दुकान बंद. राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांतली जी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांबाबत ग्रामसभेला आणखी अधिकार दिले आहेत. बायका आडवी बाटली करतात, ती हातात काठी न घेता. शिक्का मारून.

चालणाऱ्या बाया

चिमूरच्या बाया चालल्या तशाच दूरदेशीच्या बायाही चालल्या आहेत. १९१५ साली पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना बारा देशांतल्या अकराशेच्या वर बाया हॉलंडमध्ये हेग शहरात जमल्या. काहींचे देश एकमेकांशी लढत होते. तरी त्या एका सभागृहात बसल्या आणि दोन मागण्या एकत्र मांडल्या: युद्ध थांबवा आणि बायांना मताचा अधिकार द्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. युद्धाचा निर्णय घेणाऱ्या सभागृहात बाई नाही, म्हणून तिच्या पोराच्या मरणाचा हिशेब तिथे होत नाही. त्या सभेच्या अध्यक्ष जेन ॲडम्स यांना पुढे १९३१ साली नोबेल मिळालं. १९८१ साली इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमन या ठिकाणी अमेरिकेची अण्वस्त्रं येणार म्हणून काही बाया कार्डिफहून पायी निघाल्या आणि लष्करी तळाच्या कुंपणापाशी जाऊन बसल्या. पुढच्या वर्षी डिसेंबरात तीस हजार बायांनी हातात हात घालून त्या तळाला वेढा घातला. १९९१ पर्यंत ती क्षेपणास्त्रं तिथून गेली. बायांचा तळ मात्र २००० सालापर्यंत होता.

आणि आपल्या नागपूरची एक लेक. निर्मला देशपांडे. लेखक पु. य. देशपांडे यांची मुलगी, जन्म १९२९. १९५२ साली ती विनोबांच्या भूदान पदयात्रेत सामील झाली आणि देशभर सुमारे चाळीस हजार किलोमीटर चालली. सगळे तिला दीदी म्हणत. पंजाब आणि काश्मीर हिंसेनं होरपळत असताना दीदी तिथे शांतीयात्रा घेऊन गेल्या. १९९९ साली कारगिलचं युद्ध झालं. दोन्ही देशांकडे अणुबाँब, दोन्हीकडे संताप. अशा वेळी मार्च २००० मध्ये दीदी बायांची एक बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. पुढे तिकडच्या बायाही इकडे आल्या, अस्मा जहांगीर यांच्या नेतृत्वाखाली. एका बसनं युद्ध थांबतं का? नाही थांबत. पण पलीकडेही पोळ्या लाटणारी, पोराची वाट बघणारी बाईच आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की शत्रू या शब्दाची धार कमी होते. १ मे २००८ ला दीदी गेल्या. भारतानं त्यांना पद्मविभूषण दिलं होतं. त्या गेल्यावर पाकिस्तान सरकारनंही त्यांना आपला मोठा नागरी सन्मान दिला. दोन्ही देशांनी गौरवलेली अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली एक आपली विदर्भातली.

शांतता म्हणजे गप्प बसणं नव्हे

शेवटी आपल्या गावातल्या शांततेबद्दल. २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. गावोगावी समिती आहे, आणि बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे किती तरी तंटे तिनं कोर्टात न जाता मिटवले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण बाईला मारहाण झाली की काही ठिकाणी तिलाही तंट्यातच मोजतात. दोघांना बसवतात, नवऱ्याला चार शब्द सांगतात, बाईला म्हणतात, जा नांदायला, गावाचं नाव खराब नको करू. फलकावर गाव तंटामुक्त होतं आणि घरात मार चालू राहतो.

तंटा दोन बरोबरीच्या माणसांत असतो. मार एकानं दुसऱ्याला दिलेला असतो. तंटा मिटवता येतो. मार थांबवावा लागतो. बलात्कार किंवा लहान मुलांवरचे अत्याचार असे गंभीर गुन्हे तर कुठल्याही समितीला, पंचाला किंवा जातपंचायतीला मिटवताच येत नाहीत. ते पोलिसांकडे गेलेच पाहिजेत. बाई गप्प झाली म्हणून गाव शांत झालं असं समजणं, हे देसाईगंजच्या निकालासारखंच आहे: ओरडली नाही, म्हणजे राजी असेल.

म्हणून प्रत्येकीनं माहिती ठेवावी अशा काही गोष्टी सांगतो.

घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैसे रोखणं, घराबाहेर काढणं हेही येतं. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. अंगणवाडी ताई किंवा पंचायत समितीत विचारलं तर पत्ता मिळतो.

तातडीची वेळ असेल तर ११२ आणि बायांसाठी १८१ हे क्रमांक पोरींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला सरकारकडून मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा असतो.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानं ठरलेलं आहे. ती फक्त रजिस्टरवर होते की खरंच होते, हे बघा. तंटामुक्त समितीत किती बाया आहेत आणि त्या बोलतात का, हे तिथे विचारा. दारूचं दुकान, रात्रीचा अंधारा रस्ता, शाळेला जाणाऱ्या पोरींची बस, जंगलातून परत आलेल्या बाईचं शिधापत्रिकेचं रखडलेलं काम, हे सगळे शांततेचेच विषय आहेत. सरपंचपदाच्या आणि सदस्यांच्या निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या खुर्च्यांवर नवऱ्यांनी बसू नये, एवढं तरी आपल्याला पाहता येईल.

मोठ्या देशांची शस्त्रं कधी कमी होतील, ते आपल्या हातात नाही. पण ज्याच्या हातात काठी, बाटली, वर्दी किंवा बंदूक आहे त्याला जाब विचारायची सवय गावापासून लावता येते. हेगच्या सभागृहात बायांनी तेच विचारलं होतं, आणि चिमूरच्या रस्त्यावरही.

पुढच्या महिला सभेत यातला एक तरी प्रश्न मांडा आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. मराठीत, गोंडीत, तेलुगूत, कोलामीत, ज्या बोलीत सोयीचं असेल त्या बोलीत सांगा. पुढच्या भागात ती उत्तरं आपण सगळ्या मिळून ऐकू.